नुसते ढोल म्हणजे पथक नव्हे!

ऑपरेटिंग सिस्टिमची व्याख्या परीक्षेपुरती अनेकांना पाठ असते. पण त्यातल्या ‘सिस्टिम’ या शब्दाकडे आपलं लक्षच जात नाही. फोन हँग होण्यापासून विमानतळ ठप्प होण्यापर्यंत आणि बँक खातं रिकामं होण्यापर्यंत बरंच काही या एका शब्दात दडलेलं आहे.

व्हायव्हाला एक प्रश्न हमखास येतो. ‘व्हॉट इज ऑपरेटिंग सिस्टिम?’ उत्तरही ठरलेलं. ‘युजर आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा.’ एक्स्टर्नल मान डोलावतात, आपण सुटतो. पण त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, की ‘मग तिला सिस्टिम का म्हणायचं? नुसतं सॉफ्टवेअर का नाही?’ तर भल्याभल्यांची ततपप होते.

सिस्टिम हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. ‘आपल्याकडची सिस्टिमच खराब आहे’, ‘त्याची काहीतरी सिस्टिम लागलीये’, ‘म्युझिक सिस्टिम’, ‘पचनसंस्था म्हणजे डायजेस्टिव्ह सिस्टिम’. पण कशाला सिस्टिम म्हणायचं आणि कशाला नाही, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

ढोल-ताशा पथकाचंच घ्या. मैदानात पन्नास ढोल, दहा ताशे आणि चार ध्वज आणून ठेवले, तर ते पथक होतं का? नाही, तो सामानाचा ढीग झाला. बरं, पन्नास वादक बोलावले आणि प्रत्येकाला ‘वाजव रे तुला हवं तसं’ म्हटलं, तर? तो गोंगाट झाला. पथक कधी होतं? ताशाने इशारा दिला की ठेका बदलायचा, प्रमुखाचा हात वर गेला की थांबायचं, रांग सोडायची नाही, हे सगळं ठरलेलं असतं तेव्हा. ढोल तेच, माणसं तीच. फरक पडतो तो त्यांच्यातल्या नियमांमुळे.

सिस्टिम म्हणजे एवढंच. वेगवेगळे भाग, त्या भागांमधली ठरलेली नाती आणि त्या सगळ्यांचं मिळून होणारं एक काम, जे एकट्याने कुणालाच जमलं नसतं. याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. सिस्टिम बिघडते तेव्हा दर वेळी एखादा भागच मोडलेला असतो असं नाही. पुष्कळदा सगळे भाग ठणठणीत असतात, त्यांच्यातलं नातं गडबडलेलं असतं. काँप्युटरच्या इतिहासातले काही गाजलेले गोंधळ बघितले की हे लख्ख दिसतं.

एक मशीन आणि रांगेत उभे सगळे

आधी नावाची गंमत. ‘ऑपरेटिंग’ सिस्टिम का? कारण सुरुवातीला हे काम खरोखरच माणूस करायचा. १९५०च्या दशकात काँप्युटर खोलीएवढे असायचे. तुम्ही तुमचा प्रोग्राम पंच कार्डांवर उतरवायचा, गठ्ठा ऑपरेटरच्या हातात द्यायचा आणि वाट बघत बसायचं. ऑपरेटर एकाचं काम मशीनवर चढवणार, ते संपलं की उतरवणार, मग पुढच्याचं. या चढवा-उतरवीत एवढं महागडं मशीन बराच वेळ नुसतं बसून राहायचं. म्हणून १९५६मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी मिळून आयबीएम ७०४ या काँप्युटरसाठी एक प्रोग्राम लिहिला. एक काम संपलं की पुढचं आपोआप सुरू करणारा. ऑपरेटरचं काम करणारा हा प्रोग्राम पहिल्यावहिल्या ऑपरेटिंग सिस्टिम्सपैकी एक मानला जातो.

पण खरी मजा पुढे आहे. एकाच मशीनवर एकाच वेळी अनेकांनी काम करायचं, अशी टूम अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये निघाली. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये ‘सीटीएसएस’ नावाची सिस्टिम चालवून दाखवली. युक्ती साधी होती. मशीनने प्रत्येकाचं काम थोडं थोडं करायचं, पण इतक्या भरभर की प्रत्येकाला वाटावं, मशीन आपल्या एकट्याचंच आहे. आज तुमच्या फोनमध्ये गाणं वाजतंय, मागे फाइल डाउनलोड होतेय आणि तुम्ही रील बघताय, त्यामागची आयडिया हीच. प्रोसेसरचा एक कोअर एका क्षणी एकच काम करतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्याचा वेळ काही मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून वाटत असते.

अनेक माणसं एका छपराखाली आली की काय होतं, हे हॉस्टेलला राहिलेल्यांना सांगायला नको. बाथरूम दोन, पोरं वीस. सकाळी बादली ठेवून नंबर लावावा लागतो. कुणाचा साबण कुणी वापरायचा नाही. प्रत्येकाच्या खोलीला कुलूप. आणि सगळ्यांच्या वर रेक्टर, ज्यांच्याकडे मास्टर की असते. ऑपरेटिंग सिस्टिम नेमकं हेच करते. नंबर लावते, खोल्या वेगळ्या ठेवते आणि मास्टर की सांभाळते. या तीनपैकी कुठेही ढिलाई झाली, की काय होतं बघा.

पासवर्ड सगळ्यांना दिसले तेव्हा

सीटीएसएसवर प्रत्येकाच्या फाइल वेगळ्या ठेवायच्या होत्या, म्हणून पासवर्ड आले. काँप्युटरवर पासवर्ड वापरणाऱ्या पहिल्या काही सिस्टिम्समध्ये तिचं नाव घेतलं जातं. आणि साठच्या दशकात एके दिवशी चमत्कार झाला. जो लॉग-इन करेल त्याच्या टर्मिनलवर रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्या युजर्सचे पासवर्ड टाइप होऊन यायला लागले!

हॅकिंग? अजिबात नाही. झालं असं, की फाइल दुरुस्त करायचा जो एडिटर होता, तो काम चालू असताना एक तात्पुरती फाइल तयार करायचा. तिचं नाव कायम एकच. कारण लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं की एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करेल. पुढे सिस्टिम सांभाळणारी माणसं वाढली आणि ती एकाच डिरेक्टरीत काम करू लागली. त्या दिवशी एक जण आजची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची फाइल सुधारत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलचं नाव तेच. अदलाबदल झाली आणि पासवर्डची यादी सूचनेच्या जागी जाऊन बसली. पुढे ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात कोर्बाटो यांनीच हा किस्सा सांगितला.

एडिटर बरोबर चालत होता. दोन्ही माणसं आपापलं काम नीट करत होती. चुकलं ते ‘इथे एकच माणूस असेल’ हे गृहीतक. भाग शाबूत, नातं बदललेलं.

आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम्स खोल्या वेगळ्या ठेवण्याच्या बाबतीत फार कडक असतात. प्रत्येक अ‍ॅपला मेमरीतली स्वतःची जागा मिळते आणि शेजारच्याच्या जागेत डोकावता येत नाही. अँड्रॉइडमध्ये तर आणखी एक खुबी आहे. अँड्रॉइड उभं आहे ते लिनक्सच्या पायावर. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिनक्स लिहायला घेतलं. ते होतं अनेक माणसांनी एक मशीन वापरावं या परंपरेतलं. फोन मात्र एकाच माणसाचा असतो. मग अँड्रॉइडवाल्यांनी शक्कल लढवली, प्रत्येक अ‍ॅपलाच वेगळा ‘युजर’ मानायचं. म्हणजे तुमच्या फोनमध्ये पन्नास अ‍ॅप्स असतील, तर लिनक्सच्या दृष्टीने ते पन्नास वेगळे भाडेकरू आहेत आणि कुणाचाच कुणावर विश्वास नाही.

मंगळावर इस्त्रीसाठी भांडण

आता नंबर लावण्याची गोष्ट. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. फोटो यायला लागले, जगभर कौतुक झालं. आणि काही दिवसांत यानाचा काँप्युटर मधूनच स्वतःला रिसेट करायला लागला. रिसेट झाला की त्या दिवसाचं उरलेलं काम रखडायचं. दुरुस्तीला मेकॅनिक पाठवायची सोय अर्थातच नव्हती.

काय झालं होतं ते हॉस्टेलच्या भाषेत सांगते. मजल्यावर इस्त्री एकच आहे. फर्स्ट इयरचा एक पोरगा निवांत शर्ट इस्त्री करतोय. तेवढ्यात फायनल इयरच्या सीनियरला इस्त्री हवी आहे, दहा मिनिटांत त्याचा कॅम्पस इंटरव्ह्यू आहे. तो सगळ्यात महत्त्वाचा, पण पोराच्या हातातली इस्त्री हिसकावून घेता येत नाही. तो थांबतो. एवढ्यात सेकंड इयरवाले येतात आणि पोराला पिटाळतात, ‘ए, जरा खालून चहा घेऊन ये.’ त्यांना इस्त्री नकोच आहे, पण ते पोराहून मोठे, त्यामुळे त्याला जावं लागतं. इस्त्री त्याच्या नावावर अडकलेली, तो चहाच्या टपरीवर आणि सीनियर बनियनवर ताटकळत उभा. सगळ्यात महत्त्वाचं काम अडलं ते मधल्याच कुणामुळे तरी.

पाथफाइंडरमध्ये फर्स्ट इयरचा पोरगा म्हणजे हवामानाची माहिती गोळा करणारं कमी महत्त्वाचं काम. सीनियर म्हणजे यानातल्या माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं काम. इस्त्री म्हणजे दोघांना लागणारी सामायिक गोष्ट, जी एका वेळी एकालाच मिळते. मधले सेकंड इयरवाले म्हणजे मध्यम महत्त्वाचं, बराच वेळ चालणारं संपर्काचं काम. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही, की ‘काहीतरी बिघडलंय’ असं समजून यानातला पहारेकरी सगळा काँप्युटर रिसेट करायचा.

इंजिनीअर्सनी पृथ्वीवरच्या जुळ्या मशीनवर हा घोळ पुन्हा घडवून आणला आणि कारण शोधलं. उपाय काय? ज्याच्या हातात इस्त्री आहे, त्याला तेवढ्यापुरता सीनियरचा मान द्यायचा. म्हणजे मधले त्याला पिटाळू शकणार नाहीत, तो झटकन शर्ट संपवेल आणि इस्त्री सोडेल. यानातल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय आधीपासून होती, फक्त त्या ठिकाणी ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून ती चालू केली आणि यान सुतासारखं सरळ झालं.

इथेही हवामानाचा प्रोग्राम बरोबर, संपर्काचा बरोबर. चुकला तो रांगेचा नियम.

मास्टर की कुणाकडे?

तिसरी गोष्ट तर आपल्या डोळ्यांदेखतची. १९ जुलै २०२४. सकाळी सकाळी जगभरातल्या काँप्युटरचे स्क्रीन निळे पडायला लागले. विमानसेवा, बँका, हॉस्पिटलं अडकली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि त्यांचे फोटो सगळीकडे फिरले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पडली. ही संख्या एकूण विंडोज मशीन्सच्या एक टक्क्याहूनही कमी होती, हे विशेष.

कारण होतं क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने पाठवलेलं एक अपडेट. त्यांच्या सॉफ्टवेअरचा एक भाग २१ रकान्यांची माहिती येईल असं धरून चालला होता, प्रत्यक्षात मिळत होते २०. एकविसावा शोधायला तो मेमरीत नको तिथे गेला आणि आपटला.

आता तुम्ही म्हणाल, अ‍ॅप्स तर रोज क्रॅश होतात. गेम बंद पडला म्हणून अख्खा लॅपटॉप थोडीच बंद पडतो? बरोबर. कारण गेम आपल्या खोलीत असतो. त्याने भलतीकडे हात घातला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची उचलबांगडी करते आणि बाकीचे आपापलं काम करत राहतात. पण ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात (हा सैन्यातला कर्नल नव्हे, बीच्या आतला गर असतो ना, तो), त्याच्याकडे मास्टर की असते. मेमरी, डिस्क, प्रोसेसर सगळं त्याच्या ताब्यात. बाकीच्यांना काहीही हवं असलं तरी त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. क्राउडस्ट्राइकचं सॉफ्टवेअर व्हायरसवर नजर ठेवायचं म्हणून याच गाभ्यात बसलेलं होतं. तिथे चूक झाली की बाहेर काढायला वर कुणीच नसतं. अशा वेळी सगळं थांबवणं हाच सुरक्षित मार्ग, म्हणून निळा स्क्रीन.

कंपनीने ७८ मिनिटांत ते अपडेट मागे घेतलं. पण बंद पडलेलं मशीन नवीन अपडेट घेणार कसं? अनेक ठिकाणी माणसांना एकेका काँप्युटरसमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने काढून टाकावी लागली. पहारेकऱ्यालाच घराची किल्ली दिली आणि त्यालाच चक्कर आली, असा हा प्रकार.

आणि गेट उघडतो तो आपणच

एवढं वाचून वाटेल, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं, आपला काय संबंध? तर संबंध असा, की तुमच्या फोनच्या सिस्टिममध्ये एक भाग तुम्ही स्वतः आहात.

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका किंवा वाहतुकीच्या चलनाच्या नावाने ‘एपीके’ फाइल येते, उघडली की थोड्या वेळाने खात्यातले पैसे जातात, अशा फसवणुकीबद्दल पोलिस सतत सावध करत असतात. आता तुम्हाला माहीत आहे की अँड्रॉइडमध्ये एक अ‍ॅप दुसऱ्याच्या खोलीत जाऊ शकत नाही. मग ते पत्रिकावालं अ‍ॅप बँकेच्या ओटीपीपर्यंत पोहोचतं कसं? कुलूप फोडून नाही, तर परवानगी मागून. ‘अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप इन्स्टॉल करू का?’ आपण हो म्हणतो. ‘एसएमएस वाचू का?’ आपण हो म्हणतो. काही अ‍ॅप्स तर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीन किंवा हातांची हालचाल नीट न करता येणाऱ्या लोकांसाठी आहे. तिच्यामुळे अ‍ॅपला स्क्रीनवरचं वाचता येतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबता येतात. भल्या हातात ती वरदान आहे. चोराच्या हातात दिली तर तीच मास्टर की होते.

ऑपरेटिंग सिस्टिम दर वेळी दार वाजवून विचारते. चोर कोण आणि पाहुणा कोण, हे तिला कळत नाही. तो निर्णय तिने आपल्यावर सोपवलाय. आपण मात्र ‘अलाउ, अलाउ, अलाउ’ करत सुटतो, कारण आपल्याला तो मधला अडथळा वाटतो. तीच तर सिस्टिम आहे!

घरात आई-बाबांचे, आजी-आजोबांचे फोन आपणच सेट करून देतो. त्यामुळे ही जबाबदारी दुप्पट आहे. त्यांना ‘असल्या लिंक उघडू नका’ एवढंच सांगून भागत नाही. ‘कुठलंही अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागायला लागलं की आधी मला विचारा’ हे सांगितलं तर ते लक्षात राहतं. आणि तरीही पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

हे करून बघाच

• लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. तुम्ही दोन अ‍ॅप्स उघडलेली असतात, आत शंभरावर कामं रांगेत असतात. कोण किती मेमरी खातंय ते बघा.

• अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ शोधा. एसएमएस, माइक आणि लोकेशन या तिन्हींची यादी वाचा. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे काँटॅक्ट्स कशाला हवेत, असा प्रश्न पडला की परवानगी काढून घ्या. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीतही डोकावा.

• फोनमधल्या शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. अपडेट म्हणजे नवीन इमोजी नव्हेत, कुलपातल्या सापडलेल्या फटी बुजवणं असतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. घरातला जुना काँप्युटर अजून त्यावरच असेल तर पुढचा विचार करायला हवा.

• जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर त्यावर लिनक्स टाकून बघा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टिमही लिनक्सवरच आधारलेली आहे आणि ती मराठीतही वापरता येते. फक्त आधी डेटाचा बॅकअप घ्या, नाहीतर घरच्यांची बोलणी खाल.

आणि पुढच्या व्हायव्हाला कुणी विचारलंच, की ऑपरेटिंग सिस्टिमला सिस्टिम का म्हणायचं, तर पाठ केलेली व्याख्या बाजूला ठेवा. एकमेकांवर विश्वास नसलेल्या पन्नास जणांना एकाच मशीनवर सुखाने नांदवायचे नियम तिच्यात असतात, असं सांगा. एक्स्टर्नल खूश झाले नाहीत, तर निदान हॉस्टेलला राहिलेले नसावेत, एवढं नक्की.